खुर्चीतून उठणारा म्हातारा

आमच्या सिनेमाच्या ग्रुपमध्ये माझी एक ख्याती होती. खुनाचा, रहस्याचा कुठलाही सिनेमा आला की त्याचा शेवट ‘टिकतो’ की नाही हे मी सांगायचं. ग्रुप तसा छोटाच. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीतलं, पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं, दोघंही आयटीतले. दिल्लीत आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे काका-काकू, जे माझ्या आईवडिलांचे फार जुने स्नेही. आणि आम्ही नवरा-बायको. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमायचं, सिनेमा बघायचा, मग चहा, खाणं आणि भांडण. भांडण हाच मुख्य कार्यक्रम.

माझी कसोटी सोपी होती. खुनी कोण ते कळलं की सिनेमा पहिल्यापासून पुन्हा बघायचा. आता प्रत्येक प्रसंगात नजर फक्त त्या माणसावर. तो एकटा असताना कसा वागतो, कोणी बघत नसताना त्याचा चेहरा कसा असतो. सिनेमाने आपल्याला चकवलं तर चालेल, पण आपल्याशी खोटं बोललेलं चालणार नाही. नुसता धक्का काय, कोणीही देतं. आधीच्या दोन तासांत त्या धक्क्याची तयारी केली होती का, हे मी विचारायचो आणि लोक मान डोलवायचे. मला ते आवडायचं.

हा नाद बाबांचा. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते आणि माझं लहानपण दिल्लीतल्याच सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गेलं. रविवारी मला स्कूटरवर पुढे उभं करून आणि आईला मागे बसवून ते सिनेमाला न्यायचे. इंटरव्हल व्हायच्या आधी माझ्या कानाशी वाकून म्हणायचे, “त्या डॉक्टरकडे लक्ष ठेव. जरुरीपेक्षा जास्त सज्जन आहे.” आणि बहुतेक वेळा डॉक्टरच निघायचा. आई वैतागायची. “अहो, पोराला नीट बघू तरी द्या!” घरी आल्यावर जेवताना बाबा अख्खा सिनेमा उसवून दाखवायचे. हे बरोबर बसलं, हे ओढूनताणून आणलं, आणि इथे लेखकाने आळस केला. ‘आळस’ हा त्यांच्याकडचा सगळ्यात वाईट शब्द होता. फायलींसाठीही, सिनेमांसाठीही आणि माझ्या गणिताच्या पेपरसाठीही.

चार वर्षांपूर्वी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली. तोपर्यंत ते आणि आई आमच्यापासून वेगळे राहत होते. हॉस्पिटलमधून ते थेट आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आले, व्हीलचेअरवर. जीभ जड झाली होती. डोकं पूर्वीसारखंच चालायचं, शब्दही सापडायचे, पण एकेक करून, मध्ये मोठी मोकळी जागा सोडून.

मी बाबांसाठी खूप केलं, असं मला वाटत होतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी मागवली. बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे बसवून घेतले. चाकांची शॉवर-चेअर, डाव्या हाताने खायचा जाड मुठीचा चमचा, मागे रेलणारी आरामखुर्ची. प्रत्येक वस्तूचे रिव्ह्यू मी मन लावून वाचायचो. नोएडाच्या ऑफिसात कोणाच्या घरी असं दुखणं निघालं की लोक मला विचारायला यायचे. “यार, तू बहुत करता है अपने फादर के लिए,” असं एक-दोघांनी म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

आंघोळ घालायला, उठवायला-बसवायला सुरुवातीचे काही महिने एक माणूस यायचा. तो गावी गेला तो परत आला नाही. दुसरा शोधायचं ठरलं. तोवर आई म्हणाली, मी करते. मग ते आईच करायला लागली, आणि शोधायचं जे ठरलं होतं ते ठरलेलंच राहिलं. आई तेव्हा सत्तरीच्या आसपास होती. बायको गुरुग्रामला नोकरीला, ती माझ्याही आधी घराबाहेर पडायची. मी निघेपर्यंत बाबा धुतलेल्या झब्ब्यात, केस विंचरून, खिडकीशी तयार असायचे. आपलं घर कसं सुरळीत चाललंय, असं मला वाटायचं.

त्या हिवाळ्यात एक सिनेमा आला. ऑफिसातल्या मित्रांबरोबर मी तो मॉलमध्ये पाहिला. एका थंड हवेच्या गावातला मोठा बंगला. फॅक्टरीचा मालक वरच्या मजल्यावरच्या खोलीत मेलेला सापडतो. संशय बायकोवर, मग भागीदारावर. मध्यंतरानंतर कळतं की त्या दोघांचं लफडं आहे, पण खुनाच्या वेळी ते दोघं भलतीकडेच होते. खाली हॉलमध्ये, खिडकीजवळ, मेलेल्या मालकाचा म्हातारा बाप व्हीलचेअरवर बसलेला असतो. झटका येऊन तीन वर्षं झालेली, पाय लुळे, वाचा गेलेली. पोलीस त्याच्यासमोर सगळं बोलतात, कारण तो असून नसल्यासारखा. आणि अगदी शेवटी, सगळे निघून गेल्यावर, म्हातारा खुर्चीतून उठतो आणि जिना चढून वर जातो. खून त्याने केलेला असतो. मुलाने आपल्या आईला औषधं न देता मरू दिलं, हे त्याला कळलेलं असतं.

तो उठला तेव्हा थिएटरमध्ये शिट्ट्या वाजल्या. मीही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. शेवट सांगत नाही, पण गेल्या कित्येक वर्षांत इतका घट्ट विणलेला शेवट पाहिला नाही. सगळे पुरावे डोळ्यांसमोर आहेत आणि आपल्याला दिसत नाहीत. पुण्याच्या मुलाने लिहिलं, “सर, मग यावेळी हाच बघू या. तुमच्याकडेच.” काकूंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी सिनेमा ओटीटीवर यायची वाट पाहिली आणि रविवार ठरवला.

या सगळ्यात, थिएटरमध्ये, मेसेज लिहिताना, रविवार ठरवताना, मला एकदाही बाबा आठवले नाहीत. मी हे कितीतरी वेळा मनात तपासून पाहिलंय. एखादा क्षण तरी असेल, काहीतरी खटकलं असेल. नाही. नव्हतं खटकलं.

रविवारी बाहेर धुरकट, पिवळसर हवा होती. खिडक्या बंद, एअर प्युरिफायर घुमत होता. काका-काकू मेट्रोने आले, खोकत खोकत. आईने साबुदाण्याचे वडे तळायला घेतले होते. बाबांची व्हीलचेअर मीच टीव्हीसमोर मधोमध आणून लावली. “बाबा, आज तुमच्या आवडीचा आहे. बघू ओळखता का.” बाबांनी डाव्या हाताचा अंगठा वर केला.

सिनेमा सुरू झाला. बंगला, धुकं, जेवणाचं टेबल. मग कॅमेरा हळूहळू खिडकीकडे वळला आणि खुर्चीतला म्हातारा दिसला. मान एका बाजूला कललेली, गुडघ्यावर शाल, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. पडद्यावर एक नोकर येऊन त्याचं तोंड पुसतो. त्याच वेळी आई वड्यांची ताटली घेऊन बाहेर आली, ताटली टीपॉयवर ठेवली, आणि खांद्यावरच्या नॅपकिनने तिने बाबांच्या ओठाचा कोपरा पुसला. अगदी सहज, टीव्हीकडे बघत बघत.

तेव्हा कुठे मला कळलं, मी काय लावून बसलोय.

पुढे काय येणार ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. रिमोट माझ्या हातात होता. नेट गेलं म्हणता आलं असतं. आवाज नीट येत नाही, दुसरा लावू, म्हणता आलं असतं. मी काहीच केलं नाही. थांबवलं तर का थांबवलं ते सगळ्यांना कळेल, असं वाटलं. थांबवलं नाही तरी कळणारच होतं. आणि आणखी वाईट म्हणजे, इतका घाबरलेला असूनही माझा एक डोळा सिनेमावर होता. म्हाताऱ्याच्या सपातांचे तळ झिजलेले दाखवले होते, ते या वेळी मला लगेच दिसलं. वा, किती सफाईने ठेवलंय, असं मनात आलंसुद्धा.

मध्ये चहासाठी थांबलो तेव्हा सगळे अंदाज करू लागले. पुण्याच्या मुलाची बायको म्हणाली, भागीदार. काका म्हणाले, बायकोच, दुसरं कोण असणार. बाबा फक्त माझ्याकडे बघत होते. पूर्वी खुनी ओळखला की ते असेच बघायचे. त्यांना कळलं होतं.

शेवटचा प्रसंग आला. रिकामा हॉल. म्हाताऱ्याने गुडघ्यावरची शाल घडी करून बाजूला ठेवली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवले. उठला. “ओ तेरी!” पुण्याचा मुलगा ओरडला आणि लगेच त्याने तोंडावर हात ठेवला. म्हातारा जिना चढत होता, एकेक पायरी, संगीत वाढत होतं, आणि आमच्या हॉलमध्ये कोणी हालत नव्हतं. काकूंनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. तिने सिनेमा आधी पाहिलेला नव्हता.

बाबांच्या घशातून आवाज आला. झटक्यानंतर त्यांचं हसणं आणि रडणं बाहेरच्या माणसाला सारखंच वाटतं. काका पटकन उठले. “काय झालं? पाणी देऊ?”

“हसताहेत,” आई म्हणाली.

खरंच हसत होते. डाव्या हाताने त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. “आळस,” ते म्हणाले.

सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की सगळे एकदम बोलायला लागले. शेवट टिकतो का? चला, वाद घाला! वाद घातला की तो दुसरा विषय मागे पडेल, असं प्रत्येकाला वाटत असावं. मला तर नक्कीच वाटलं. मी ओळखीच्या जागी पोचलो होतो. मी पुरावे मांडायला सुरुवात केली. झिजलेल्या सपाता. खुनाच्या रात्री शालीचं ओलं टोक. पेला पडतो तेव्हा क्षणभर मागे सरकलेला पाय. पुण्याच्या मुलाने रिमोट घेऊन ती जागा शोधून काढली. पाय खरंच सरकला होता. “मान गये सर,” तो म्हणाला.

बाबांनी हात वर केला. ते बोलणार म्हटल्यावर सगळे गप्प झाले.

“पोटरी,” बाबा म्हणाले. मग थांबले. “त्याची पोटरी... भरलेली.”

“बरोबर,” मी म्हणालो. “कारण तो लुळा नव्हताच. नाटक करत होता.”

“तेच.” पुन्हा मोठा श्वास. “तीन वर्षं. कोणाला... दिसली नाही? आंघोळ... कोण घालायचं?”

काकू म्हणाल्या, “हो की! हे माझ्या लक्षातच आलं नाही. आंघोळ घालणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळणार.”

“मला तर हाताला धरून उठवतानाच कळलं असतं,” आई म्हणाली. “पाय खरा गेला असला की त्याचं वजन वेगळंच लागतं. नाटक्याचं नाही तसं लागणार.”

माझा आवडता सिनेमा माझ्या डोळ्यांदेखत कोसळत होता. आणि वादात हरायची मला सवय नव्हती. “नोकर होते ना,” मी म्हणालो. “त्याने नोकरांना सामील करून घेतलं असेल.”

“दाखवलं... का?”

“नाही दाखवलं, पण...”

“मग... आळस.”

काका हसले. “संपलं! आउट दिलं अंपायरने!”

मी हसण्यावारी नेलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण मी पुढे सरकून बसलो. “नाही बाबा, ऐका ना. प्रश्न नोकरांचा नाही. प्रश्न मुलाला का कळलं नाही हा आहे. आणि ते सिनेमाने अगदी बरोबर दाखवलंय. मुलगा फॅक्टरीत बिझी आहे. रोज सकाळी जाता जाता दारातून विचारतो, कैसे हैं पापा, आणि जातो. खुर्ची उत्तम घेऊन दिलीय, डॉक्टर लावलाय. त्याला कसं कळणार? बापाच्या अंगाला हात लावून त्याला किती वर्षं झाली असतील! मुलगा म्हटला की त्याने बापाला आंघोळ घातलेली असणारच, असं थोडंच आहे? घराघरांत असंच असतं. म्हणूनच तो शेवट टिकतो. बिल्कुल टिकतो.”

बोलणं संपलं तेव्हा मला वाटलं, बाजी मारली.

मग मी बाकीच्यांकडे पाहिलं. काका ताटलीतला वडा उगाच फिरवत होते. बायको स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. पुण्याच्या मुलीने एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा लाल झाला, जणू तीच काहीतरी बोलून गेली होती. बाबांची व्हीलचेअर, उत्तम घेऊन दिलेली, हॉलच्या मधोमध होती. मीही रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून त्यांच्या खोलीच्या दारातून विचारायचो, “बाबा, ठीक ना?” ते अंगठा वर करायचे. मी जायचो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते माझ्यासाठी ओशाळले होते. चारचौघांत मुलाच्या हातून काही सांडलं की बाप जसा ओशाळतो, तसे. मग हळूच म्हणाले, “हां. मग... टिकतो.”

म्हणजे त्यांनी वाद मला जिंकू दिला.

आई उठली. “चहा गार झाला सगळ्यांचा. दुसरा टाकते.” मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. हॉलमध्ये बसणं शक्यच नव्हतं. ती आलं किसत होती. मी म्हणालो, “आई, मी ते सिनेमाबद्दल बोलत होतो.”

“मला माहितीये.”

“माझ्या डोक्यातच नाही आलं गं. सिनेमा लावतानाही नाही.”

“ते दिसलंच,” ती म्हणाली. टोचून नव्हे. एखादी गोष्ट जशी असते तशी सांगावी, तसं. मग म्हणाली, “दूध दे फ्रिजमधलं.”

पाहुणे नेहमीपेक्षा लवकर गेले. निघताना काकूंनी बाबांच्या गालाला हात लावला, आणि मला म्हणाल्या, “छान होता हं सिनेमा.” मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पुण्याच्या मुलाने लिफ्टपाशी उगाचच माझा हात हातात घेतला. “सर, टेन्शन नका घेऊ.” म्हणजे खाली उतरेपर्यंत ते दोघं याच विषयावर बोलणार होते. रात्रीपर्यंत ग्रुपवर एकही मेसेज आला नाही. असं कधी झालं नव्हतं.

मी आठवडाभर घरात चोरासारखा वावरलो. सकाळी दारातून ‘ठीक ना’ विचारायची हिंमत होईना, आणि आत जाऊन विचारायचीही होईना. दोन दिवस काही न विचारताच गेलो. तिसऱ्या दिवशी आईने फोन केला, “अरे, ते विचारताहेत, तू गेलास का? आज आला नाहीस म्हणून.” मी मेट्रोत उभा होतो. आजूबाजूला अनोळखी माणसं होती, तरी मी मान खाली घातली.

शनिवारी सकाळी मी आईला म्हणालो, “आज मी घालतो आंघोळ.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “त्यांना विचार.”

मी विचारलं. बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. “नको.”

“का नको?”

“आई... करते.”

मी बाहेर आलो. आई म्हणाली, “त्यांना तुझ्यापुढे लाज वाटते. मीसुद्धा पहिले काही दिवस डोळे मिटूनच घालत होते. माझ्यापुढे तेव्हा रडले होते ते.” हे मला माहीत नव्हतं. त्याच फ्लॅटमध्ये, भिंतीपलीकडे, माझे वडील रडले होते आणि मी बहुधा त्या वेळी दांड्यांचे रिव्ह्यू वाचत होतो.

मी पुन्हा आत गेलो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून खरं तेच बोललो. “बाबा, मलाही लाज वाटतेय. पण घालू द्या.”

त्यांनी तोंड भिंतीकडून माझ्याकडे वळवलं. मग डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

मला काहीच येत नव्हतं. उचलताना मी त्यांना काखेत हात घालून ओढलं, तशी आई दारातून ओरडली, “उजवा खांदा ओढू नकोस, निखळेल!” शॉवर-चेअरचा ब्रेक लावायला विसरलो, ती सरकली. पाणी हाताला बरं वाटलं म्हणून उजव्या मांडीवर ओतलं, बाबा काही बोलले नाहीत, आणि कातडी लाल झाली. त्या बाजूला त्यांना गरम-गार कळत नाही, हे मी कोणाकोणाला समजावून सांगितलं होतं. आईने आत येऊन थंड पाणी ओतलं, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आधी डाव्या हातावर घालून त्यांना विचारायचं,” आणि पुन्हा बाहेर गेली.

मग मी साबण घेऊन खाली बसलो आणि त्यांचा उजवा पाय हातात घेतला. पोटरी उरलीच नव्हती. हाड आणि त्यावर सैल, मऊ कातडी. माझी बोटं पायाभोवती सहज एकमेकांना मिळाली. कोणालाही, कुठल्याही घरात, एका क्षणात कळलं असतं. तपास वगैरे काही लागलाच नसता. मी मान वर केली नाही. पायाच्या बोटांमधून साबण फिरवत राहिलो.

वरून बाबांचा आवाज आला. “तपास... पूर्ण?”

ते हसत होते. मला हसताही येईना आणि रडणं तर त्यांच्यासमोर शोभणार नव्हतं. मी म्हणालो, “हो साहेब.” आणि त्यांच्या डोक्यावरून पाणी घातलं.

आता शनिवार-रविवार आंघोळ माझ्याकडे असते. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. उरलेले पाच दिवस आईच करते. एक बाई शोधून सकाळी तिच्या मदतीला ठेवली, ती शोधायला मला एक फोन पुरला, हे सांगायलासुद्धा लाज वाटते. मधले काही शनिवार चुकले. एकदा ऑफिसचं काम होतं, आणि एकदा काहीच नव्हतं, नुसता कंटाळा आला होता. मी तसंच सांगितलं. बाबा म्हणाले, “चालायचंच.” त्यांना माझ्यापुढे संकोच अजून वाटतो. टॉवेल गुडघ्यावरून घसरला की दोघंही दुसरीकडे बघतो आणि काहीतरी भलतंच बोलायला लागतो, क्रिकेट, नाहीतर सरकारी पेन्शन.

ग्रुपही पुन्हा सुरू झाला. पुढच्या खेपेला पुण्याच्या जोडप्याकडे जमलो, त्यांनी मुद्दाम विनोदी सिनेमा लावला. कोणीतरी सवयीने मला विचारलं, “काय मग, टिकतो?” मी म्हणालो, मला काय विचारता. त्यांना वाटलं मी रुसलोय. त्या दुपारबद्दल आम्ही कोणी कधी बोललो नाही. काकू मात्र आता आमच्याकडे आल्या की आधी बाबांच्या खोलीत जातात, दार लोटून घेतात, आणि आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येतो. काय बोलतात ते मला विचारवत नाही.

रविवारी मी बाबांना आंघोळ घालतो तेवढा वेळ आई खाली पार्कात उन्हाला जाऊन बसते. तिथे बायकांचा एक घोळका असतो, कोणी बंगाली, कोणी पंजाबी, सगळ्यांशी तिचं मोडकंतोडकं हिंदी चालतं. वर आली की ती चप्पल काढते, सरळ बाबांच्या खोलीत येते, त्यांचं डोकं एका बाजूला वळवते आणि कानामागून बोट फिरवून बघते.

“साबण राहिलाय,” ती म्हणते. बहुतेक रविवारी राहिलेला असतो. मग ती पदराने पुसून टाकते, बाबा डोळे मिटून मान तिच्याकडे देतात, आणि मी ओला टॉवेल हातात धरून दाराशी उभा असतो.